नाताळची कार्डं आणि ब्रीडाचं अक्षर

आमच्या डब्लिनच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक अनिकेत दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि संध्याकाळी लेखांसाठी माणसांच्या मागे लागतो. या वर्षी तो माझ्या मागे लागला. "काकू, तुमची स्टोरी एकदम इन्स्पायरिंग आहे. डिपेंडंट व्हिसावर आलेली बाई किचन टेबलवर कार्डं बनवते आणि आख्ख्या नॉर्थ डब्लिनला विकते. लिहाच."

मी म्हटलं, "लिहीन. पण इन्स्पायरिंग होईलच असं नाही."

"चालेल काकू, दोन-तीन फोटो तेवढे द्या."

फोटो माझ्याकडे नाहीत. काम चालू असताना हाताला डिंक असायचा, फोटो कोण काढणार? आणि त्याला जे लिहून हवं होतं ते हे नाही. तरी सोळा वर्षं जे काम केलं त्याबद्दल एकदाच लिहायचं, तर खरं लिहावं. यातल्या आयरिश माणसांची नावं मी बदलली आहेत. माझं नाव खरं आहे.

मी चिंचवडला शाळेत चित्रकला शिकवायचे. शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथल्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही इथल्या सँट्री भागात राहायला आलो. पहिली काही वर्षं मला नोकरी करायची परवानगीच नव्हती. परवानगी आली तोवर माझं वय वाढलं होतं, आणि मुलाखतीत सगळे गोड हसून विचारायचे, "आयर्लंडमध्ये कामाचा अनुभव?" तो कुठून आणायचा? मग लेकीच्या शाळेत नाताळची जत्रा होती, तिथल्या टेबलासाठी मी गंमत म्हणून तीस कार्डं केली. लिनोवर, म्हणजे ठसे कोरायच्या मऊ पट्टीवर, रॉबिन पक्षी कोरला, त्याचे ठसे मारले, पोटाला लाल कागद चिकटवला. लोकांचा चहा संपायच्या आत कार्डं संपली. भेटवस्तूंचं दुकान चालवणारी एक बाई म्हणाली, "दोनशे करून देशील?" मी हो म्हटलं. दोनशे म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

लोकांना वाटतं, हाताने केलेलं कार्ड म्हणजे बाई खिडकीशी बसते, एक कार्ड मनापासून रंगवते, मग दुसरं घेते. तसं केलं तर दोनशे कार्डं पुढच्या नाताळाला होतील. घाऊक कामात एक कार्ड कधीच पूर्ण करायचं नसतं. एक दिवस नुसतं कापायचं. एक दिवस नुसती घडीची रेघ दाबायची. एक दिवस दोनशे रॉबिन, सगळे बिनपोटाचे. मग दोनशे पोटं. आठ-दहा दिवस घरात एकही पुरं कार्ड दिसत नाही, आणि मग एका दुपारी अचानक सगळीच पुरी होतात. आधी पाकिटं विकत घ्यायची आणि मग त्यांच्या मापाने कागद कापायचा, हेही मी चुकूनच शिकले. पहिल्या वर्षी सुरेख दोनशे कार्डं झाली आणि बाजारातल्या कुठल्याच पाकिटात ती बसेनात. शिरीषने तीन रात्री बसून पाकिटं चिकटवली, आणि तो प्रसंग त्याने अजून मला विसरू दिलेला नाही.

सगळ्यात मोठा शत्रू इथली ओल. चिंचवडला ठसा मारला की पाच मिनिटांत वाळायचा. इथे दुसऱ्या दिवशीही बोटाला रंग लागतो आणि कार्डाचे कोपरे पापडासारखे वळतात. मी कार्डं घरभर दोऱ्यांवर टांगायचे, जिन्याच्या कठड्यावर ठेवायचे, आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारचं जे कपाट असतं, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, त्यातले टॉवेल बाहेर काढून तिथे रॉबिन कोंबायचे. आमच्या घरी ऑक्टोबर ते डिसेंबर कुणालाही कोरडा टॉवेल मिळत नसे.

ब्रीडा आमच्याकडे आली तीही या ओलीमुळेच. ऑक्टोबरात एक दिवस लख्ख ऊन पडलं, म्हणून मी मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून कार्डं वाळत घातली. ऊन आलं म्हणजे मागोमाग वारा येतो, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. दुपारी दारावर टकटक झाली. शेजारच्या घरातली पासष्टीची बाई उभी होती, पांढरे आखूड केस, आणि एप्रनचा ओचा करून त्यात चाळीसेक ओले रॉबिन.

"तुझे पक्षी माझ्या बटाट्यांत उतरलेत," ती म्हणाली.

मी माफी मागायला लागले. तिचं लक्ष नव्हतं. तिने एक कार्ड उचललं, उघडलं, मिटलं, परत उघडलं. "घडी उलटी घातलीयस. कागदाला रेषा असते, माहीत आहे का?"

कागदात लाकडासारखे तंतू असतात. त्यांच्या दिशेने घडी घातली तर ती सरळ बसते. आडवी घातली तर कडेला भेगा पडतात आणि कार्ड टेबलावर धड उभं राहत नाही. मी ड्रॉइंग टीचर, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ब्रीडा पंधराव्या वर्षापासून पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होती. तिने माझ्या कागदाचा तुकडा घेतला, जिभेवर टेकवला, तो कसा वळतो ते पाहिलं आणि म्हणाली, "अशी." मग चहा प्यायली. मंजिरी हे नाव तिने दोनदा म्हणून पाहिलं, जमेना, म्हणून मला मार्जरी करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती स्वतःची हाडाची पट्टी घेऊन आली. बाइंडिंगवाले घडी दाबायला वापरतात तशी, वापरून वापरून पिवळी पडलेली. त्यानंतर अकरा हंगाम ती रोज सकाळी दहाला येत होती.

माझ्या मनात ती पहिल्या दिवसापासून ब्रीडाबाई होती, अहो-जाहोतली. इंग्रजीत तशी सोय नाही, म्हणून तोंडाने मी नुसतं ब्रीडा म्हणत असे.

ती आली आणि माझ्या कार्डांत दोन गोष्टी बदलल्या. एक, घड्या. दुसरी, आतलं अक्षर. लहानपणी शाळेत नन्सनी तिच्याकडून घोटून घेतलेलं ते अक्षर इतकं देखणं होतं की दुकानवाल्या बायका आधी कार्ड उघडून आत बघत आणि मग बाहेरचं चित्र बघत. थोडा मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू? आम्ही तिचं अक्षर हीच आमची खासियत केली. आत ज्याला कार्ड जायचं त्याचं नाव, खाली पाठवणाऱ्या घराचं नाव, सगळं हाताने.

गिऱ्हाइकं चित्रविचित्र असायची. एका माणसाला दरवर्षी पंचवीस कार्डं लागत आणि प्रत्येकावर त्याचा शिकारी कुत्रा हवा असे, गव्हाणीत, बाळ येशूच्या शेजारी. कुत्रा मेला तरी तो त्याच कुत्र्याची कार्डं मागत राहिला. एक बाई फक्त एकच कार्ड घ्यायची, तेही आत कोरं. मी एकदा म्हटलं, नाव घालून देऊ का? ती म्हणाली, "नको. कोरंच पाठवते. तिला कळतं." कोण ती, हे मी विचारलं नाही. आणि माझी पहिली मेरी! निळ्या वस्त्रातली मेरी काढायची म्हणून मी काढली, तर तिचा पदर डाव्या खांद्यावरून मागे गेला आणि निऱ्या दिसायला लागल्या. माझ्या लक्षातही आलं नाही. ब्रीडा बघत राहिली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ही बाई बेथलेहेमला निघालेली नाही गं, मुंबईच्या लग्नाला निघालीय." मी ती कार्डं फाडायला घेतली तर तिने हात धरला. ती सगळ्यात आधी विकली गेली.

आता ज्या कामाबद्दल कुणी कधी बोलत नाही ते सांगते. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची एक वही होती. कुणाला किती कार्डं, आत कोणती नावं, कुणाची आम्ही परस्पर पोस्टात टाकायची. इथले बरेच म्हातारे लोक पत्त्यांची यादी आमच्याकडेच देऊन ठेवत. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेची कार्डं लवकर निघावी लागत. ब्रीडा रोज वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायची, निधनवार्तांपासून. सुरुवातीला मला ते अभद्र वाटे. मग एक दिवस तिने वही ओढली आणि एका नावावर पेन्सिलीने रेघ मारली.

"यांना या वर्षी कार्डं नकोत. सासू गेली."

"पण ऑर्डर तर दिलीय जुलैमध्ये."

"सासू ऑगस्टमध्ये गेली. घरात मरण झालं की त्या नाताळाला कार्डं पाठवत नाहीत. आपण त्यांना पाठवायचं. साधं. रॉबिन नको, नुसती मेणबत्ती."

मला हे समजायला वेळ लागला नाही. आपल्याकडेही वर्षाच्या आत सण करत नाहीत. फरक इतकाच की आपल्याकडे ते शेजारणींना माहीत असतं आणि कुणी काही पाठवत नाही. इथे माझ्यासाठी ते माहीत असणारी शेजारीण ब्रीडा होती. अकरा वर्षांत आमच्याकडून एकदाही चुकीच्या घरी लाल पोटाचा रॉबिन गेला नाही. हे श्रेय मी तेव्हा कधी मोजलंच नाही. मला वाटायचं, धंदा माझ्या ठशांवर चाललाय.

हळूहळू काम वाढलं. हंगामाला तीन हजारांच्या वर कार्डं जायला लागली. आणि ब्रीडाकडून बारीकसारीक गोष्टी सुटायला लागल्या. चहाचा कप कागदाच्या खणात सापडायचा. एकदा तिने ख्रिसमसमधलं एक अक्षर गाळलं आणि आम्ही दोघी हसलो. एक प्रश्न सकाळी विचारलेला दुपारी परत विचारायची. मी म्हणे, वय झालं. खरं तर मला तेवढंच बघायचं होतं, कारण त्या वर्षी विमानतळाजवळच्या एका कंपनीने सहाशे कार्डांची मोठी ऑर्डर दिली होती. प्रत्येकात त्यांच्या माणसाचं नाव हाताने लिहायचं. अशी ऑर्डर आम्हाला आधी कधी मिळाली नव्हती.

चार दिवस ब्रीडा स्वयंपाकघराच्या टेबलाशी लिहीत बसली. मी बाहेरच्या खोलीत ठसे मारत होते. ती लिहून झालेली कार्डं डब्यात रचत होती. पहिल्या शंभरावर मी नजर टाकली, उत्तम होती. पुढची मी बघितलीच नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी पाकिटं भरायला डबा उघडला. डिअर कॅथलीन. खालचं काढलं. डिअर कॅथलीन. मी अर्धा डबा टेबलावर ओतला. दीडशेच्या आसपास कार्डं, एकाहून एक सुंदर अक्षरात, सगळी कॅथलीनला. कंपनीच्या यादीत कॅथलीन नावाचं कुणीच नव्हतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिने कार्ड हातात घेतलं. खूप वेळ बघितलं. "छान आलंय की," ती म्हणाली.

तीन दिवसांत माल द्यायचा होता. मी ओरडले. शाळेत मुलांवर ओरडायचे तशी. आणि मग एक वाक्य बोलले, ते इंग्रजीतच लिहिते कारण ते इंग्रजीतच बोलले होते. "यू आर नो यूज टू मी नाऊ."

मराठीत मी आईवर, नवऱ्यावर, लेकीवर याहून वाईट चिडले असेन. पण मराठीत रागावलं की शब्दांच्या मागे आपलेपण कुठेतरी असतं आणि समोरच्याला ते ऐकू येतं. इंग्रजी मी फक्त व्यवहारापुरती शिकले होते. त्या वाक्याच्या मागे काही नव्हतं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्या दिवशी ते निव्वळ तू होतं, हे मला बोलतानाच कळलं.

ब्रीडाने पेनला टोपण लावलं. कप विसळला, पालथा घातला. "राइट सो," म्हणाली. बरं तर, एवढंच. आणि मागच्या दाराने गेली. हाडाची पट्टी टेबलावरच राहिली.

शिरीष संध्याकाळी म्हणाला, "जा, आत्ता जाऊन सॉरी म्हण." मी म्हटलं, "एवढी ऑर्डर जाऊ दे." ऑर्डर गेली, वेळेवर गेली, उरलेल्या कार्डांत मी माझ्याच अक्षरात नावं लिहिली आणि कंपनीला काही फरक कळला नाही. मग म्हटलं, नाताळ होऊ दे. नाताळात तिच्या दाराबाहेर मोटार दिसली, म्हटलं, मुलगा आलाय, आत्ता नको. आमच्या दारांमध्ये वीस पावलं होती. जानेवारीत एक दिवस तिच्या खिडक्यांचे पडदे उतरलेले दिसले. समोरच्या बाईंनी सांगितलं, ती स्वोर्ड्स गावाला मुलाकडे राहायला गेली. मला, आज लिहायलाही लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं वाटलं. आता समोरासमोर येणार नाही.

पुढच्या वर्षी मी एकटीने हंगाम केला. आतली नावं आता छापून घ्यायला लागले, ऑगस्टमध्येच, सगळी एकदम. वर्तमानपत्र आमच्याकडे येतच नव्हतं.

डिसेंबरच्या मध्यावर फोन आला. फिलोमेना, ब्युमॉन्टला राहणारी, आमच्या अगदी जुन्या गिऱ्हाइकांपैकी. तिची साठ कार्डं दरवर्षी मीच पोस्टात टाकायची. आत ठरलेली नावं: फिलोमेना आणि जो, म्हणजे तिचा नवरा.

"मार्जरी, कार्डं गेली का गं?"

"हो, केव्हाच. परदेशची तर नोव्हेंबरातच टाकली."

ती म्हणाली, "जो सप्टेंबरात गेला, बाळा."

मी बस पकडून तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. तिने मला आत घेतलं, खुर्ची दिली, किटली लावली. ऑर्डर जुलैमध्ये दिली होती, ती रद्द करायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. आणि ब्रीडा बघून घेईल, हे तिने गृहीत धरलं होतं. साठ घरी जोच्या नावाने नाताळच्या शुभेच्छा गेल्या होत्या, दफनानंतर अडीच महिन्यांनी. त्याची बहीण ऑस्ट्रेलियात, अंत्यविधीला येऊ शकली नव्हती. तिला वाटलं, भावाने जाण्याआधीच आपल्यासाठी टाकून ठेवलं होतं, ते आता पोचलं. ती फोनवर त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारत होती, त्याने कार्ड कधी टाकायला दिलं, काय म्हणाला.

"तिला काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, हो, त्यानेच पाठवलं."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "ब्रीडाने तुला सांगितलं नाही? ती जोच्या अंत्यविधीच्या मासला आली होती. मुलाने धरून आणलं होतं."

"ब्रीडा आता माझ्याकडे येत नाही."

"हो, ते खरंच. कशी येणार बिचारी. दोन वर्षं झाली ना तिला ते विसरण्याचं सुरू होऊन. तुला तर आमच्या आधी कळलं असेल. तू रोज तिच्याबरोबर होतीस."

मी चहा प्यायले. कप संपवला. फिलोमेनाने त्यानंतर कधी कार्डं मागवली नाहीत.

त्याच आठवड्यात मी स्वोर्ड्सला गेले. ब्रीडाचा मुलगा डेक्लन विमानतळावर सामानाच्या कामावर आहे. मोठा, लाल चेहऱ्याचा माणूस. मी नाव सांगितलं तर त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. "तू मार्जरी! मॅम तुझ्याशिवाय दुसरं बोलत नव्हती." इथे आईला मॅम म्हणतात.

ब्रीडा पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसली होती. वाळली होती. तिने माझ्याकडे बघून अदबीने हसून विचारलं, "हॉस्पिटलमधून आलात का?" मी म्हटलं, "नाही, मी मार्जरी." ती म्हणाली, "छान नाव आहे."

मी विचारलं, "कॅथलीन कोण?"

"मावशी," डेक्लन म्हणाला. "तिची धाकटी बहीण. बॉस्टनला गेली, तिथेच वारली. मी लहान होतो. का?"

"सहज," मी म्हटलं.

मग तो वर गेला आणि शाळेच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन खाली आला. दहा-बारा असतील, निळ्या-लाल रेघांच्या, लहान मुलांना अक्षर गिरवायला असतात तशा. "तुला हे दाखवायचं होतं. इकडे आल्यापासून रोज सकाळी दहाला बसायची. मार्जरीने सांगितलंय म्हणायची, तुझी जागा ठेवलीय, फक्त अक्षर परत नीट बसव. माझ्या मुलींनाही शेजारी बसवायची. जमेनासं झालं तोवर लिहीत होती."

मी पहिली वही उघडली. पानभर नावं. आमच्या गिऱ्हाइकांची. डिअर फिलोमेना, डिअर जो, कुत्रेवाला माणूस, दुकानवाली बाई, वहीतल्या क्रमाने, पाठ केल्यासारखी. एकेक नाव दहा-दहा वेळा. सुरुवातीच्या वह्यांत अक्षर तिचंच होतं. पुढे ते रेघ सोडायला लागलं. शेवटच्या वहीत नावं नव्हती, नुसत्या रेघांना धरून काढलेल्या वेलांट्या होत्या.

"तू तिला ते वर्ष दिलंस," डेक्लन म्हणाला. "बाकीचे सगळे तिला सांगत होते की आता राहू दे. तू एकटीने सांगितलं नाहीस."

माझ्यासमोर तो उभा होता, खिडकीशी ती बसली होती. एकच वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, "ती फार छान लिहायची."

त्यानंतर मी पाच-सहा वेळा तिकडे गेले. दर वेळी ठरवून जायचे, आज सांगायचं. दर वेळी डेक्लनच्या मुली दार उघडत आणि ओरडत, "नॅनाची मार्जरी आली!" नॅना म्हणजे आजी. ब्रीडाजवळ बसायचे, तिचा हात हातात घ्यायचे. तिला एकटीला मी सॉरी म्हटलं, मराठीतही म्हटलं, इंग्रजीतही. ती म्हणायची, "यू आर व्हेरी गुड." ती कुणालाही तेच म्हणत असे.

वसंत ऋतूत ती गेली. सँट्रीतल्या चर्चमध्ये मास झाला. मी आणि शिरीष मागे बसायला निघालो तर डेक्लनच्या बायकोने आम्हाला पुढे, घरच्यांच्या मागच्या बाकावर नेलं. डेक्लन बोलायला उभा राहिला. कारखान्याबद्दल बोलला, वडिलांबद्दल बोलला. आणि मग म्हणाला, आईची आठवण जायला लागली तेव्हा तिच्या शेजारणीने तिची कामावरची जागा राखून ठेवली आणि तिला रोजचा अभ्यास दिला. माणसाला कुणीतरी वाट बघतंय एवढं पुरतं. लोकांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर रांग लागावी तसे माझे हात हातात घेतले. फिलोमेनासुद्धा आली. मी प्रत्येक हात घेतला. प्रत्येकाला थँक यू म्हटलं. शिरीष बाजूला उभा राहून खाली बघत होता.

त्या वर्षी मी ऑर्डरी घेतल्या नाहीत. विचारणाऱ्यांना सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो. अनिकेतलाही तेच सांगितलं होतं. डोळे माझे ठणठणीत आहेत.

अनिकेतचा फोन आला आणि मी लिहायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर अडकले. मनात आलं, हे मराठीत लिहून टाकणं किती सोपं आहे. त्या घरात हे कुणी वाचणार नाही. असं लिहिणं म्हणजे पुन्हा लपणंच. म्हणून मागच्या महिन्यात मी स्वोर्ड्सला गेले. डेक्लन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. मुली आतल्या खोलीत होत्या. मी दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. दीडशे कॅथलीन, आणि ते वाक्य. जागा मी राखून ठेवली नव्हती. वह्या मी दिल्या नव्हत्या. ते सगळं ब्रीडाने स्वतःच रचलं होतं, मुलाला कळू नये म्हणून की आपल्याला घालवून दिलं.

त्याने सुरी खाली ठेवली. नळ सोडून हात धुतले, बराच वेळ धुतले.

"नेमकं काय म्हणालीस तिला? परत सांग."

मी परत सांगितलं.

आतून मुलींच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मी हे चर्चमध्ये अल्टरवर उभं राहून सांगितलंय, मार्जरी. माझ्या मुली शाळेत सांगतात. थोरलीने त्यावर निबंध लिहिलाय." त्याचा आवाज चढला नाही. "आता मी सांगितलं तसंच राहू दे. तुझ्यासाठी नव्हे. मॅमला ते तसं हवं होतं."

मी हो म्हटलं. त्याने मला दारापर्यंत सोडलं. पुन्हा ये असं म्हणाला नाही.

तेव्हा इंग्रजीत ते तसंच राहील. स्वोर्ड्सच्या त्या घरात आणि सँट्रीच्या त्या चर्चमध्ये मी ब्रीडाची जागा राखून ठेवणारी शेजारीण आहे, आणि राहीन. मराठीत मात्र जे झालं ते हे असं आहे.